दूरच्या पाड्यापासून सुरुवात : तालुक्यात प्रतिबंधात्मक दंतसेवेचे न्याय्य वाटप कसे करावे

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि त्याच्या वाट्याला आठ तालुके आले. पश्चिम रेल्वेलगतच्या वसई, विरार, पालघर, बोईसर या पट्ट्यात स्टेशनबाहेर पडताच दंतवैद्यांच्या पाट्या दिसू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ भागात मात्र दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि अगदीच असह्य झाले तर एसटीने तालुक्याचे ठिकाण किंवा थेट नाशिक, असा क्रम ठरलेला असतो. तिथे पोचेपर्यंत दाढ वाचवण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गडचिरोलीतील भामरागड, नंदुरबारमधील अक्राणी किंवा अमरावतीतील मेळघाट येथील परिस्थितीही याहून फारशी वेगळी नाही.

दंतक्षय हा तुरळक आढळणारा आजार नाही. २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षांच्या सुमारे ५२ टक्के आणि १५ वर्षांच्या सुमारे ६३ टक्के मुलांत किडलेले दात आढळले होते. तो टाळण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना दंतखुर्ची, क्ष-किरण यंत्र किंवा वातानुकूलित खोली लागत नाही. म्हणूनच ही सेवा दूरच्या वस्तीपर्यंत नेणे शक्य आहे, आणि ती न पोचण्याचे कारण बहुतेक वेळा तंत्रज्ञानात नसून नियोजनात असते. फिरत्या दंतपथकाचे दिवस लोकसंख्येच्या प्रमाणात किंवा रस्त्याच्या सोयीने वाटले जातात, त्यामुळे ज्यांना आधीच काही मिळते त्यांनाच आणखी मिळते. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये नेमके हेच मांडले होते : जिथे गरज अधिक, तिथे चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता कमी.

पुढील मांडणी तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सक, जिल्हा परिषद व पंचायत समितीचे सदस्य आणि आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. तालुका हे एकक धरले आहे, कारण पाड्यांची नावे ठाऊक असणारी आणि तरीही स्वतःच्या सहीने वेळापत्रक बदलू शकणारी ती शेवटची पातळी आहे.

पाड्यांची यादी हीच पहिली कागदोपत्री गरज

आरोग्य विभागाच्या अहवालात उपकेंद्र हे सर्वांत लहान एकक म्हणून येते. आदिवासी व डोंगराळ भागात एक उपकेंद्र साधारण ३,००० लोकसंख्येसाठी असते, आणि त्याखाली आठ-दहा पाडे असू शकतात. उपकेंद्राचा आकडा ७० टक्के दिसत असला तरी त्यातील दोन पाड्यांवर तो शून्य असू शकतो. त्यामुळे यादी पाड्यानिहाय करावी. आशा कार्यकर्तीच्या घरनोंदीतून आणि अंगणवाडीच्या पटातून ती काही दिवसांत तयार होते.

यादीत प्रत्येक पाड्यासमोर पुढील माहिती असावी : ० ते ६ आणि ६ ते १६ वयाची मुले किती, त्यांपैकी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणारी किती, सर्वांत जवळच्या चालू दंतखुर्चीपर्यंत एसटीने किंवा वडापने पोचायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात रस्ता किती काळ बंद असतो, पिण्याचे पाणी कोठून येते आणि मागील वर्षी दातांची तपासणी करण्यासाठी कोणी आले होते का. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नये. घाटातले १५ किलोमीटर आणि महामार्गावरचे १५ किलोमीटर यांची तुलना होत नाही, शिवाय दिवसातून एकच गाडी असेल तर परतीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. जाऊन, उपचार घेऊन, त्याच दिवशी घरी परतता येते का आणि त्यासाठी किती मजुरी बुडते, हा खरा निकष आहे.

कातकरी वस्त्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी. या वस्त्या अनेकदा महसुली गावाच्या कडेला असतात, कुटुंबे वर्षातील काही महिने बाहेरगावी असतात आणि मुलांची नावे शाळेच्या पटावर असली तरी मुले हजर नसतात. शाळेच्या पटावरून नियोजन केले की नेमकी हीच मुले गळतात.

पाण्याच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडांनाही त्रास होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत हे अहवाल मिळतात. प्रमाण जास्त असेल तर पाण्याचा स्रोत बदलणे हेच तिथले पहिले दंतआरोग्याचे काम ठरते, आणि लहान मुलांच्या पेस्टबाबतचा निर्णय दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा.

खुर्ची आहे, पण चालते का?

केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून राबवला जात आहे आणि त्यातून जिल्हा रुग्णालय व त्याखालील संस्थांमध्ये दंतविभाग उभारण्यासाठी मनुष्यबळ, उपकरणे व साहित्य यांना साहाय्य मिळते. कागदावर दंतविभाग असणे आणि सोमवारी सकाळी तिथे दाढेत सिमेंट भरून मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष जाऊन पाहावे : कॉम्प्रेसर चालू आहे का, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर खुर्ची चालते का, हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे झाकण नीट बसते का, दात भरण्याच्या ग्लास आयोनोमर सिमेंटची मुदत संपलेली तर नाही ना, दंतवैद्याचे पद मंजूर आहे की नाही, भरलेले आहे की नाही आणि भरलेले असल्यास त्या व्यक्तीला आठवड्यातून किती दिवस दुसरीकडे पाठवले जाते. लेखी माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो. बंद खुर्चीला चालू समजून आखलेले वेळापत्रक पहिल्याच महिन्यात कोसळते.

तपासणीत वेळ किती घालवायचा

थोडाच. जागतिक आरोग्य संघटना सर्वेक्षणासाठी ५, १२, १५, ३५ ते ४४ आणि ६५ ते ७४ हे वयोगट सुचवते. तालुक्याची सुरुवातीची पातळी समजण्यासाठी जवळच्या आणि दूरच्या पाड्यांतील ५ व १२ वर्षांच्या मुलांचा नमुना घेतला तरी काम भागते. प्रत्येक मुलाच्या बत्तीशीची सविस्तर नोंद करण्यात पथकाचे अर्धे वर्ष खर्च होते आणि ज्याची नोंद झाली त्या मुलाच्या हातात अखेर काहीच पडत नाही. तपासणी झाली पण पुढे काही मिळाले नाही, असा अनुभव दोनदा आला की पालक तिसऱ्यांदा मुलाला पाठवत नाहीत.

दिवसांचे वाटप : एक नमुना गणित

समजा, तालुक्यात चार प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत आणि फिरत्या पथकाला वर्षभरात ६० दिवस मिळतात. केंद्र ‘अ’ तालुक्याच्या गावाला लागून असून त्याच्या क्षेत्रात ३,००० मुले आहेत. ‘ब’मध्ये २,०००, ‘क’मध्ये १,५०० आणि सर्वांत दूरच्या ‘ड’मध्ये १,००० मुले आहेत. केवळ संख्येच्या प्रमाणात दिवस वाटले तर अनुक्रमे २४, १६, १२ आणि ८ येतात. हे वाटप समान दिसते, परंतु न्याय्य नाही, कारण ‘अ’मधील पालकाला रिक्षाने दवाखाना गाठता येतो आणि ‘ड’मध्ये पथकाचा अर्धा दिवस प्रवासातच जातो.

आता भारांक लावा. प्रत्येक केंद्राचा मूळ भारांक १ धरावा. चालू दंतखुर्ची एसटीने तासाभराहून जास्त दूर असेल तर ०.५ वाढवावा, पावसाळ्यात बहुसंख्य पाड्यांचा रस्ता तुटत असेल तर आणखी ०.५, आणि मागील वर्षी निम्म्याहून जास्त पाड्यांवर कोणी गेलेच नसेल तर आणखी ०.५. आपल्या नमुन्यात ‘अ’चा भारांक १, ‘ब’चा १.५, ‘क’चा २ आणि ‘ड’चा २.५ झाला. मुलांची संख्या गुणिले भारांक केल्यावर ३,०००, ३,०००, ३,००० आणि २,५०० असे आकडे येतात आणि ६० दिवसांची वाटणी, पूर्ण दिवसांत बसवताना, १६, १६, १५, १३ अशी होते. ‘ड’चे दिवस ८ वरून १३ झाले, ‘अ’चे २४ वरून १६ वर आले.

‘अ’च्या सदस्यांकडून विरोध होईल, हे गृहीत धरावे. म्हणून भारांकाचे निकष आधी ठरवून पंचायत समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावेत आणि कोणत्या केंद्राला किती दिवस मिळतात हे गणित त्यानंतरच मांडावे. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक जण आपल्या केंद्राला सोयीचा निकष सुचवतो. निकष मोजके ठेवावेत. सात-आठ निकषांचा तक्ता अचूक वाटतो, पण तो कोणालाच समजत नाही आणि न समजलेले वाटप पहिल्या दबावात बदलले जाते. जवळच्या केंद्राची सेवा पूर्ण बंद करू नये. स्कॉटलंडमधील ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालशाळांतील दात घासण्याचा उपक्रम सर्वांसाठी ठेवून फ्लोराइड वार्निशचा (दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाचा) भर सर्वाधिक वंचित वस्त्यांवर देण्यात आला. सर्वांना मूलभूत सेवा आणि गरजेनुसार जादा सेवा, ही रचना राजकीयदृष्ट्याही टिकाऊ असते.

प्रत्यक्ष काय द्यायचे

सर्वांत मोठा लाभ सर्वांत साध्या गोष्टीतून मिळतो : फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे. भारतातील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १,००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १,००० भागांपेक्षा) जास्त असू शकत नाही आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. खरेदी करताना हे छापलेले प्रमाण पाहावे, कारण स्वस्त निविदेत फ्लोराइड नसलेली पेस्ट किंवा दंतमंजन सहज शिरते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकावे, पण भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. मोठ्यांची सवय नेमकी याच्या उलट असल्यामुळे ही सूचना शिक्षकांना प्रात्यक्षिकासह द्यावी लागते.

आश्रमशाळा ही या कामासाठी सर्वांत अनुकूल जागा आहे, कारण मुले रात्रीही तिथेच असतात. २५० निवासी मुलांच्या शाळेचा हिशेब असा मांडता येईल. सहा वर्षांवरील मुलाला एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम पेस्ट धरली तर दोन वेळांची मिळून एक ग्रॅम, म्हणजे शाळेला रोज २५० ग्रॅम आणि ३०० दिवसांत ७५ किलो पेस्ट लागते. २०० ग्रॅमच्या ३७५ नळ्या. दर चार महिन्यांनी ब्रश बदलायचा तर वर्षाला ७५० ब्रश हवेत. ब्रशवर नावाऐवजी हजेरी क्रमांक पक्क्या शाईने लिहावा आणि ब्रश एकमेकांना टेकणार नाहीत असे भोके पाडलेले लाकडी किंवा प्लॅस्टिकचे स्टँड करून घ्यावे. सगळे ब्रश एकाच डब्यात उभे ठेवण्याची पद्धत बंद करावी. पेस्ट मुलांच्या हाती न देता रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या ब्रशवर मोठ्या वर्गातील दोन मुलांनी किंवा अधीक्षिकेने लावावी. यामुळे नासाडी थांबते आणि कोण आले नाही तेही कळते. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ निवडावी. सकाळी आंघोळीच्या गर्दीत एकाच नळावर हा उपक्रम टिकत नाही. नळ कमी असतील तर मोरीवर एक लांब पीव्हीसी पाइप आडवा बसवून त्याला ठरावीक अंतरावर भोके पाडली तरी एका वेळी दहा-बारा मुले उभी राहू शकतात.

दुसरा उपाय फ्लोराइड वार्निशचा. पाच टक्के सोडियम फ्लोराइड असलेले हे वार्निश दातांवर ब्रशने लावतात आणि वर्षातून किमान दोनदा लावल्यास कीड लागण्याचे प्रमाण लक्षणीय घटते. एकत्रित अभ्यासांत दुधाच्या दातांत सुमारे ३७ टक्के आणि कायमच्या दातांत सुमारे ४३ टक्के घट दिसली आहे. दुधाचे दात असलेल्या मुलासाठी साधारण पाव मिलिलिटर आणि मिश्र दात असलेल्या मुलासाठी ०.४ मिलिलिटर पुरते, म्हणजे १० मिलिलिटरच्या नळीत मिश्र दातांची २५ मुले होतात. दात कापसाने किंवा गॉझने कोरडे करावेत. लावल्यानंतर काही तास कडक पदार्थ खाऊ नयेत आणि त्या रात्री दात घासू नयेत. हिरड्यांना व्रण असलेल्या, तसेच दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या मुलांना ते लावू नये, कारण अनेक वार्निशांत राळ असते. हा प्रश्न संमतिपत्रातच छापून घ्यावा.

आधीच कीड लागलेल्या दुधाच्या दातांसाठी ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा दूरच्या वस्तीसाठी मोलाचा उपाय आहे. ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही, आणि कीड पुढे सरकणे बहुतेक दातांत थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. ही गोष्ट आईला आधी छायाचित्र दाखवून सांगितली नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘डॉक्टरांनी पोराचे दात जाळले’ अशी बातमी पाडाभर पसरते आणि पुढील दोन वर्षे त्या पाड्यावर पथकाला कोणी दारात उभे करत नाही. रात्री ठणकणाऱ्या, गळू आलेल्या किंवा सुजलेल्या दातावर हे औषध लावू नये, चांदीची ॲलर्जी असल्यासही नको, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. वार्निश व हे औषध लावण्याचे काम नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. पालक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून वाट पाहतात. पहिली व दुसरीच्या वर्गांत या दाढेच्या खाचा सिमेंटने बंद करणे, आणि छोटे खड्डे हातानेच साफ करून भरणे, ही दोन्ही कामे वीज नसलेल्या वर्गखोलीतही करता येतात.

प्रौढांच्या बाबतीत तंबाखू हा मुख्य विषय आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी मशेरी, चुना-तंबाखू आणि सुगंधी सुपारी घरात सहज आढळतात. मशेरीला स्त्रिया व्यसन मानत नाहीत, दात घासण्याचे साधन मानतात, आणि तपासणीच्या प्रश्नावलीत ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. ‘दात कशाने घासता’ हा प्रश्न आधी विचारावा. ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात अपेक्षितच आहे. ती फॉर्म भरण्यापुरती न राहता टॉर्चच्या प्रकाशात गालांच्या आतील बाजू, जीभ आणि जिभेखालचा भाग पाहूनच व्हावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

काम कोणाकडून करून घ्यायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, दातांचे विकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेतच आणि त्यांच्याकडे वाहन असते. वेगळे पथक उभारण्याआधी या भेटींनाच वार्निशचे काम जोडता येईल का, हे पाहावे. दंतवैद्याने पथकासोबत ठरलेल्या दिवशी जावे, इतका बदल पुरेसा असतो. आयुष्मान आरोग्य मंदिरातील बारा सेवांमध्ये मौखिक आरोग्याचा समावेश आहे, त्यामुळे तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला तपासणी, प्राथमिक सल्ला आणि ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून दंतवैद्याशी बोलणे करून देणे ही कामे सोपवता येतात. गर्भवतींसाठी वेगळा दिवस शोधू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानासाठी त्या येतातच. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येणे वाढते, आणि बाळाला रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये हा सल्ला देण्याचा काळही तोच असतो.

आशांवर आणखी एक नोंदवही लादण्याचा मोह टाळावा. त्यांच्याकडून दोनच गोष्टी अपेक्षित ठेवाव्यात : पथक येण्याच्या आदल्या दिवशी घरोघर निरोप, आणि पुढील उपचारासाठी पाठवलेल्या (संदर्भित) मुलांची यादी जपणे. त्याचा मोबदला नियोजनातच धरावा.

दंत महाविद्यालयांचे आंतरवासिता विद्यार्थी मोठा आधार होऊ शकतात. मात्र त्यांची भेट म्हणजे एका दिवसाचे शिबिर, बॅनर आणि ब्रशवाटप एवढ्यावर संपू नये. महाविद्यालयाशी करार करताना ठरावीक पाडे, वर्षातील दोन ठरावीक फेऱ्या आणि दुसऱ्या फेरीत त्याच मुलांची पुनर्तपासणी, या अटी लिहून घ्याव्यात. आरसे व प्रोब किती हवेत याचा विचारही तेव्हाच व्हावा. दिवसाला ८० मुले पाहायची असतील तर ८० निर्जंतुक संच बरोबर हवेत. गुंडाळलेली हत्यारे १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली साधारण ३० मिनिटे ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावी लागतात. एका मुलाच्या तोंडातला आरसा द्रावणात बुडवून लगेच दुसऱ्याच्या तोंडात घालणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर निष्काळजीपणा आहे. संच कमी असतील तर मुले कमी पाहावीत.

वेळापत्रक : दिवाळीआधी आणि होळीच्या सुमारास

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात आणि लहान मुलेही बरोबर नेतात. डिसेंबर-जानेवारीत रस्ते कोरडे आणि हवा सुखद असते, म्हणून पथकांना हेच महिने आवडतात. पाड्यावर मात्र म्हातारी माणसेच भेटतात. पाड्यावरील पहिली फेरी पावसाचा जोर ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी घ्यावी. दुसरी होळीच्या सुमारास, कारण सणासाठी बरीच कुटुंबे गावी येतात. बोहाडा या रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या उत्सवाच्या तारखा गावकऱ्यांना विचारून घ्याव्यात. रात्रभर जागलेल्या गावात सकाळी तपासणी ठेवण्यात अर्थ नाही. मधल्या काळात पथकाने आश्रमशाळा कराव्यात आणि शेजारच्या तालुक्याशी बोलून वीटभट्ट्यांवरील मुलांची नोंद घ्यावी. मुलाकडे स्वतःचे साधे कार्ड असेल तर वार्निशची दुसरी फेरी भट्टीवरही देता येते.

संमतीसाठी जून महिना सोडू नये. आश्रमशाळेत मुलाला सोडायला पालक स्वतः येतात तेव्हाच, त्यांच्या बोलीत समजावून, वर्षभरासाठीचे संमतिपत्र भरून घ्यावे. नंतर पालकांना गाठणे अवघड असते आणि अधीक्षकांची सही ही पालकांची संमती ठरत नाही.

संदर्भित केलेले मूल खुर्चीपर्यंत पोचले पाहिजे

तपासणीनंतर तीन रंग वापरावेत. हिरवा म्हणजे फक्त प्रतिबंध. पिवळा म्हणजे भरण्याजोगी कीड, जिच्यासाठी महिन्या-दोन महिन्यांत उपचार हवा. लाल म्हणजे रात्री ठणकणारा दात, गळू किंवा सूज. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर त्याच दिवशी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे, कारण जबड्याखाली पसरणारा संसर्ग श्वास अडवू शकतो. प्रौढांमध्ये दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आणि दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड यांनाही लाल रंग द्यावा.

पिवळ्या चिठ्ठीवरच बहुतेक योजना फसतात. ‘ग्रामीण रुग्णालयात दाखवा’ असे लिहिलेली चिठ्ठी हाती देणे म्हणजे जबाबदारी पालकाच्या खिशावर ढकलणे आहे. त्याऐवजी महिन्यातील एक ठरलेला वार दूरच्या शाळांसाठी राखून ठेवावा, त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात नव्या रुग्णांची नोंद मर्यादित ठेवावी आणि शाळेतून मुलांना आणण्या-नेण्याची गाडी पाठवावी. एका मुलाच्या चार किडलेल्या दाढांपैकी एकाच भेटीत जितक्या होतील तितक्या कराव्यात. ‘पुढच्या आठवड्यात या’ ही पद्धत गावातल्या माणसासाठी ठीक आहे. दोन तासांवरच्या पाड्यासाठी ती नकारच ठरते. रुग्णालयातील दंतवैद्याला हा बदल पटवावा लागतो, कारण दिवसभरात कमी रुग्ण दिसतात आणि मासिक अहवालात ते उठून दिसते. म्हणून त्या दिवसाचे मोजमाप रुग्णसंख्येवर न करता उपचार पूर्ण झालेल्या मुलांवर करावे, असे लेखी आदेश आधीच काढून घ्यावेत.

पैसा कोठून आणायचा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयीन उपचारांवर असल्याने प्रतिबंधात्मक दंतसेवेसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा आराखड्यात मागणी नोंदवायची असेल तर पुढील वर्षाचा आराखडा आकार घेण्यापूर्वी, दिवाळीच्या मागे-पुढे, प्रस्ताव जिल्ह्यात पोचला पाहिजे. पेस्ट व ब्रशसारख्या छोट्या, पण नियमित खर्चासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा आणि अनुसूचित क्षेत्रातील गावांना पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या) कायद्याखाली मिळणारा पाच टक्के अबंध निधी हे दोन मार्ग आहेत. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा निधी लहान असतो, तरी टॉर्च आणि ब्रशचे स्टँड त्यातून होतात. आश्रमशाळांचा खर्च आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे मांडावा. पालघर जिल्ह्यात अशी कार्यालये जव्हार आणि डहाणू येथे आहेत. देणगीतून फिरती व्हॅन मिळत असेल तर स्वीकारण्यापूर्वी डिझेल, चालक आणि दुरुस्ती यांचा तीन वर्षांचा खर्च कोण करणार हे लेखी घ्यावे. ती व्हॅन घाटातल्या कच्च्या रस्त्यावर जाते का, हेही एकदा चालवून पाहावे. बहुतेक पाड्यांसाठी घडीची खुर्ची, बॅटरीचा हेडलाइट आणि दोन पेट्या एवढे साहित्य जीपमध्ये मावते आणि तेच जास्त उपयोगी पडते.

मोजायचे काय

किडलेल्या दातांचा सरासरी आकडा खाली यायला वर्षे लागतात. दरवर्षी तीन आकडे पाहावेत : दोनदा वार्निश लागलेल्या मुलांची टक्केवारी, पिवळी किंवा लाल चिठ्ठी मिळालेल्यांपैकी उपचार पूर्ण झालेल्यांची टक्केवारी, आणि वर्षात एकदाही भेट न झालेल्या पाड्यांची संख्या. पहिले दोन आकडे सर्वांत जवळच्या एक चतुर्थांश आणि सर्वांत दूरच्या एक चतुर्थांश पाड्यांसाठी वेगवेगळे काढावेत. तालुक्याची सरासरी ८० टक्के असताना दूरच्या पाड्यांत ती ४० असेल तर वाटप फसले आहे, आणि पुढील वर्षीचे दिवस तिकडे वळवावेत. भेट न झालेल्या पाड्यांची नावे, कारणांसह, ग्रामसभेत वाचून दाखवावीत; या एका प्रथेने वेळापत्रकाला जितकी शिस्त लागते तितकी कोणत्याही ऑनलाइन पोर्टलने लागत नाही.

दंतवैद्याची बदली होणार हे गृहीत धरून पाड्यांची यादी, भारांकाचा तक्ता, संमतिपत्रे आणि राहिलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे रजिस्टर तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठेवावे, कोणाच्या वैयक्तिक लॅपटॉपवर नाही. पद रिक्त राहिल्यास शाळेतील दात घासणे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची तपासणी चालू राहते. वार्निशच्या फेरीसाठी शेजारच्या तालुक्यातील दंतवैद्याचे दिवस मागून घ्यावेत, आणि ते कमी पडले तर कात्री ‘अ’ केंद्राच्या दिवसांना लावावी.